दिवा लागला नव्हता

वार्डो, नॉर्वे
९ जुलै

प्रिय सुहास,

निघताना तू बजावलं होतंस, "दीपगृहाचा दिवा लागलेला बघ आणि मगच पत्र लिही." तो काही बघायला मिळाला नाही. उन्हाळ्यात तो लावतच नाहीत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य मावळत नाही. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि खिडकीतून टेबलावर ऊन आलंय. तरी लिहायला बसलो, कारण आज पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

हॉर्नोया हे वार्डोसमोरचं इवलंसं बेट, बंदरातून होडीने दहा-पंधरा मिनिटांवर. पार उत्तरेकडची स्वालबार्ड बेटं सोडली, तर नॉर्वेचं पूर्वेकडचं शेवटचं टोक तेच. नकाशा काढून बघ, इस्तंबूलच्याही पूर्वेला येतं. धक्क्यावर उतरलो तर आधी वास आला, मग कलकलाट. कडा पक्ष्यांनी नुसता भरलेला. वर गवतात पफिनची बिळं, खाली कातळाच्या पट्ट्यांवर गिलिमॉट एकमेकांना खेटून उभे. ते घरटं बांधत नाहीत. एकच अंडं, एका टोकाला निमुळतं, थेट दगडावर घालतात.

एका कपारीसमोर मी तासभर खिळून राहिलो. मुठीएवढं पिल्लू काठाशी यायचं, खाली बघायचं, मागे सरायचं. तीन आठवड्यांचं असेल, पंखांत अजून उडायचं बळ नाही. खाली पाण्यातून बाप हाका मारत होता. आणि सुहास, त्याने उडी टाकली रे! दगडावर आपटलं, उठलं, धडपडत पाण्यात शिरलं आणि बापाला जाऊन बिलगलं. माझे डोळे भरून आले. यापुढे कित्येक आठवडे भर समुद्रात त्याला बापच सांभाळणार. आई नाही, बाप.

मग वर दीपगृहापाशी गेलो. १८९६ सालचं, जवळजवळ २० मीटर उंच आणि चक्क लाकडी! बॅरेंट्स समुद्राचे वारे खात सव्वाशे वर्षं उभं आहे. १९९१ साली दिवा स्वयंचलित झाला, तेव्हापासून तिथे राखणदाराचं बिऱ्हाड नाही. मी फळ्यांवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही, पण दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे बंदर गोठत नाही. म्हणजे त्या काळोखातही मच्छीमारांच्या होड्या बाहेर पडतात आणि परतताना त्यांना हाच दिवा दिसतो.

मला तो तसा बघायचाय. येत्या जानेवारीत येऊ या, दोघंही. सुट्टीचं आत्तापासून बघ आणि लगेच कळव.

तुझा,
अविनाश