नऊ नंबरची पायरी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, तुम्ही विचारलंत की रोज रात्री “मी महापापी” म्हणूनही मन हलकं का होत नाही. मला वाटतं, ते वाक्यच फार मोठं आहे. त्यात सगळंच मावतं, त्यामुळे आजचं काहीच सापडत नाही.

12व्या शतकात संत बर्नार्ड या ख्रिस्ती मठवासी साधूंनी गर्वाच्या 12 पायऱ्या सांगितल्या. आठवी स्वतःच्या चुकांचं समर्थन करण्याची, आणि खोटी पापकबुली त्याच्याही पुढे, नववी! माणूस स्वतःला इतकं वाईट म्हणतो की ऐकणाऱ्यानेच “छे, छे” म्हणावं. ओळखायची खूण सोपी आहे: तीच चूक दुसऱ्याने दाखवली की राग येतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, बघा. प्रार्थनेत तो देवाला स्वतःचा हिशेब ऐकवतो: आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश. हा हिशेब खोटा आहे असं येशू म्हणत नाही. पुढच्याच अध्यायात जक्कय हा जकातदारही आकडेच सांगतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. पण त्याच्या आकड्यांत देणं फेडायचं आहे, मिरवायचं नाही.

म्हणून रात्री 10-15 मिनिटं येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या क्रमाने आत्मपरीक्षणाला बसा. आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस चाळायचा, मग क्षमा, शेवटी उद्यासाठी एक निश्चय. आभार गाळले तर नुसती स्वतःची झडती होते आणि माणूस खचतो. दिवस चाळताना एकच गोष्ट धरा, वेळ आणि शब्दांसकट: “दुपारी तिला चारचौघांत तोडून बोललो.” इथेच थांबायचं. “पण तिनेच आधी...” सुरू झालं की ती कबुली तिच्या पापांची होते, आपल्या नाही.

मत्तय 5 प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी ज्याला दुखावलं त्याच्याशी समेट करायला जायचं. तिथे “तुला वाईट वाटलं असेल तर” यातला ‘असेल तर’ गाळा.

आई, तुझं वेगळंच. कुणी कौतुक केलं की “कसलं काय” म्हणतेस. ती नम्रता नव्हे गं, नुसती सवय. “बरं वाटलं” म्हण आणि गप्प बस.

रोमकरांस पत्राचा 7वा अध्याय वाचाल तेव्हा ‘जे वाईट करू नये वाटतं तेच करतो’ या 19व्या वचनापाशी पुस्तक मिटू नका. 8व्याचं पहिलं वचन, ख्रिस्तात असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही, हे त्याच बैठकीत वाचा.

तुमची लेक