जुन्या भिंतींना सिमेंट नको, चुनाच हवा

महोदय, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत दगडी सांधे आजही सिमेंटने भरले जातात, हे थांबायला हवे. सिमेंट ओल कोंडते. मग ती दगडातून बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आधी छताची गळती आणि पन्हळी पाहाव्यात, भिंत त्यानंतर. सांधा छिन्नी-हातोडीने, रुंदीच्या किमान दुप्पट खोल खरवडावा. ग्राइंडर नकोच, दगडाच्या कडा कायमच्या कापल्या जातात. भरायच्या मिश्रणात मुरवलेला (पाण्यात भिजवून ठेवलेला) चुना 1 भाग, चाळलेली धुतलेली वाळू 3 भाग. भरण्याआधी सांधा भिजवावा, नंतर किमान आठवडाभर ओली गोणपाटे लावावीत. चुना घाईने वाळला की भुसभुशीत होतो. निविदेत नुसते ‘चुन्याचे काम’ न लिहिता हे प्रमाण आणि ही मुदत लिहावी.