मार्च १९९९ : फलक लावण्याआधी

सोलापूर

चि. वैदेही हिस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. वाचनालयाच्या फलकासाठी 'एका महिन्यात गेलेली माणसं' हा विषय घेतलास आणि त्यातही मार्च १९९९ निवडलास, हे मला फार आवडलं. कुसुमाग्रज, व्हायोलिनवादक मेन्युहिन, 'वेताळ' चित्रकथेचा जनक ली फॉक आणि चित्रपट दिग्दर्शक स्टॅनले कुब्रिक ही माणसं आठवड्याभराच्या आत गेली. पण यादीत चुका आहेत, आणि जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या आहेत. त्या कुठून येतात ते समजलं की पुढचे महिने तू माझ्याशिवाय करशील.

आधी वयं. मृत्यूच्या सालातून जन्मसाल वजा केलंस आणि आकडा लिहिलास. मार्चमध्ये हे हमखास फसतं, कारण एप्रिल ते डिसेंबरात जन्मलेल्यांचा त्या वर्षीचा वाढदिवस अजून आलेलाच नसतो. येहुदी मेन्युहिन २२ एप्रिल १९१६ चे, गेले १२ मार्चला. ८३ नव्हे, ८२. ली फॉक २८ एप्रिल १९११ चे. ८८ नव्हे, ८७. कुब्रिक २६ जुलै १९२८ चे, ७०. शास्त्रज्ञ गेरहार्ड हर्झबर्ग नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९०४ ला जन्मले, म्हणून ९४. मेक्सिकोचे कवी हाइमे साबिनेस तर १९ मार्चला गेले आणि त्यांचा वाढदिवस २५ मार्चचा. सहा दिवस कमी पडले. वय ७२ च लिहायचं. तुझ्या यादीत वजाबाकी बरोबर उतरली ती फक्त कुसुमाग्रजांची, कारण २७ फेब्रुवारीला त्यांना ८७ पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीने दोन्ही पूर्ण तारखा लिही आणि वय त्यांच्यावरून काढ. बहारीनचे अमीर शेख ईसा बिन सलमान ६ मार्चला गेले. त्यांचं जन्मसाल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं छापलेलं दिसतं, तेव्हा कार्डावर वय घालूच नकोस. रिकामी जागा चुकीच्या आकड्यापेक्षा बरी.

आता तारखा. नियम एकच : माणूस जिथे गेला तिथल्या घड्याळाची तारीख. मार्चमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असायचं (त्या वर्षी तिथली घड्याळं पुढे झाली ती एप्रिलात). म्हणजे तिथे दुपारी दीड वाजला की आपल्याकडे तारीख बदलते. संध्याकाळी तिथे कुणी गेलं तर आपल्या वर्तमानपत्राच्या हिशेबाने ते 'काल' की 'परवा', यात गोंधळ ठरलेला. ली फॉक न्यूयॉर्कला गेले, १३ मार्च, शनिवार. तू १४ लिहिलीस ती बहुधा याच वाटेने आली.

वर्तमानपत्राची फाइल बघताना आणखी तीन गोष्टी सांभाळ. अंकावरची तारीख ही घटनेच्या पुढची असते. कुसुमाग्रज १० मार्चला, बुधवारी गेले, तेव्हा गुरुवार ११ चा अंक काढायचा. दुसरं, मोठ्या शहरातून निघणाऱ्या दैनिकाची डाक आवृत्ती संध्याकाळी लवकर छापून बाहेरगावी निघायची. नगर आवृत्तीत आजची असलेली बातमी डाक आवृत्तीत उद्याची होते. म्हणून अंकाच्या कपाळावर कुठली आवृत्ती लिहिली आहे ते आधी वाच. तिसरं, गावोगावच्या शोकसभांच्या बातम्या दोन-तीन दिवसांनी येतात आणि त्यांत 'नुकतेच निधन झाले' एवढंच असतं. शोकसभेची तारीख हीच मृत्यूची तारीख समजून उतरवली गेलेली मी पुष्कळ ठिकाणी वाचली आहे. आपल्या 'संचार' दैनिकाचे त्या आठवड्यातले अंक मिळाले तर सोलापुरात काय झालं हे त्यातून घे, पण निधनाची तारीख दुसरीकडून पक्की कर.

तिथीचं तू विचारलंस. १९९९ चा पाडवा १८ मार्चला होता. तिथून शके १९२१ सुरू झालं. म्हणजे तुझा एकच महिना पंचांगात दोन शकांत वाटला गेलाय : कुसुमाग्रज शके १९२० च्या फाल्गुन वद्यात, आणि २६ मार्चला गेलेले आनंद शंकर शके १९२१ च्या चैत्रात. शिवाय त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे पुढचा पाडवा थेट ५ एप्रिलला, आणि तिथीने धरलेली पुण्यतिथी मार्चच्या अखेरीस सरकली. म्हणून फलकावर 'पुण्यतिथी' लिहू नकोस, 'स्मृतिदिन' लिही. पहिला शब्द तिथीचा आहे, दुसरा तारखेलाही चालतो. तसंच 'कै.' काढून टाक. आपल्या गावात नावाआधी 'कै.' (कैलासवासी) कुणाला लावतात आणि 'पै.' (पैगंबरवासी) कुणाला, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शेख ईसांना 'कै.' लावलेलं वाचून माणूस कार्डापाशी थांबेल ते चुकीच्या कारणासाठी. फलक मृतांचाच आहे. कुणालाच काही लावायची गरज नाही. 'काळाच्या पडद्याआड', 'अनंतात विलीन' हेही नको. 'निधन' पुरे. फक्त पॅराग्वेचे उपराष्ट्राध्यक्ष लुइस मारिया अर्गान्या यांच्या कार्डावर 'हत्या' लिही, कारण २३ मार्चला त्यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. तिथे 'निधन' म्हणणं म्हणजे झालेलं झाकणं.

नावांवर सगळ्यात जास्त वेळ घाल. मेन्युहिन यांच्या कार्डावर तू 'यहुदी व्हायोलिनवादक मेन्युहिन' केलं आहेस. येहुदी हे त्यांचं पाळण्यातलं नाव आहे, आणि त्याचा अर्थ यहुदी असाच आहे. आईवडिलांनी ते मुद्दाम ठेवलं होतं. नावाचं विशेषण झालं की माणसाचं अर्धं नाव गेलं. 'अमेरिकन' की 'ब्रिटिश' याचंही तसंच : जन्म न्यूयॉर्कचा, पुढे १९८५ त ब्रिटिश नागरिक, मृत्यू बर्लिनला. एका शब्दात बसवायला जाशील तर चुकशील. 'न्यूयॉर्कला जन्मलेले, पुढे ब्रिटिश नागरिक' असं सरळ लिही. आणि त्यांच्या कार्डावर आपल्या वाचकाला धरून ठेवणारी गोष्ट आहे ती पुण्याच्या योगाचार्यांची : १९५२ साली भारतात आले असता त्यांची योगाचार्य अय्यंगार यांच्याशी गाठ पडली, ते त्यांचे शिष्य झाले आणि अय्यंगारांना त्यांनीच युरोपात नेलं. रविशंकरांबरोबरच्या वादनाचं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर शब्द खर्चू नकोस.

आनंद शंकर यांना तू रविशंकरांचा मुलगा केलंस. ते पुतणे. वडील नर्तक उदय शंकर, आई अमला शंकर. जन्म १९४२, अल्मोडा. मृत्यू कोलकाता, वय ५६. सतार आणि पाश्चात्त्य रॉक एकत्र आणणारे म्हणून त्यांचं काम लिही, नात्यांवरून नको.

हर्झबर्ग 'रसायनशास्त्रज्ञ' नव्हेत. नोबेल रसायनशास्त्राचं होतं (१९७१), पण ते भौतिकशास्त्राचे. रेणूंच्या, विशेषतः मुक्त मूलकांच्या (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या) वर्णपटांवरून त्यांची रचना शोधणं हे त्यांचं काम. हँबर्गला जन्मले, १९३५ साली जर्मनी सोडून कॅनडात गेले. 'नोबेल विजेते' एवढंच लिहिलंस तर वाचकाच्या हाती काही पडत नाही. कुब्रिक यांची मात्र एक ओळ पुरे : अमेरिकन दिग्दर्शक, इंग्लंडमधल्या राहत्या घरी निधन, शेवटचा चित्रपट त्यानंतर जुलैत प्रदर्शित. गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड (२ मार्च, ५९) आणि बेसबॉलचे जो डिमॅजिओ (८ मार्च, ८४) यांनाही तेवढंच.

ली फॉक यांना दोन ओळी दे. १९३४ त मँड्रेक, १९३६ त फँटम, आणि दोन्हींचं लेखन शेवटपर्यंत त्यांच्याच हातात. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून फँटम वेताळ म्हणून घराघरांत आला. पन्नाशी-साठीचे वाचक या कार्डापाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहतील बघ.

आता कुसुमाग्रज. 'थोर साहित्यिक, ज्ञानपीठ विजेते कुसुमाग्रज यांचे दुःखद निधन' हे तुझं वाक्य दुसऱ्या कुणाच्याही नावाने चालेल, म्हणून ते इथे चालत नाही. 'थोर' आणि 'दुःखद' खोड. काय उरलं ते बघ : एक पुरस्कार. त्यांच्याविषयी पक्कं काय माहीत आहे ते मांड आणि त्यातून निवड. जन्मनाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णु वामन. धाकट्या बहिणीचं नाव कुसुम, तिचा अग्रज तो कुसुमाग्रज. कवितेला हे नाव, नाटक-कादंबरीला वि. वा. शिरवाडकर; दोन माणसं समजून दोन कार्डं करणारेही असतात, तेव्हा दोन्ही नावं एकाच कार्डावर हवीत. विद्यार्थिदशेत नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. 'विशाखा' १९४२ साली आली ती वि. स. खांडेकरांच्या खटपटीने. पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं आणि दुसरं, १९८७ चं, कुसुमाग्रजांना. ज्याने हात दिला आणि ज्याला दिला, दोघांच्याही नावावर तोच मान. मला वाटतं, कार्डावर हेच यावं. मी करून बघितलं :

'कुसुमाग्रज (वि. वा. शिरवाडकर). १० मार्च, नाशिक, वय ८७. "विशाखा"चे कवी, "नटसम्राट"चे नाटककार. "विशाखा" वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने १९४२ त निघाली. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांचं, दुसरं यांचं.'

तीस शब्दांच्या आत बसलं. पुरस्कार गेला नाही, पण आता तो काहीतरी सांगतो. आणि एक : २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, हा त्यांचा जन्मदिवस. दोन तारखा इतक्या जवळ आहेत की लोक एकीची दुसरी करतात. फलक फेब्रुवारीअखेर लावणार असशील तर '१० मार्च' ठळक लिही.

मांडणी. कार्डशीट २२ बाय २८ इंचाची उभी धर. कार्ड ६ बाय ४ चं, आडवं. रुंदीत तीन कार्डं आणि चार मोकळे पट्टे एकेक इंचाचे, बरोबर २२. उंचीत शीर्षकाला पाच इंच, मग चार ओळी आणि इंचाइंचाच्या फटी. खाली दोन इंच उरतात. बारा कार्डं बसली, आणि तुझी नावंही बाराच. क्रम तारखेचाच ठेव. डिमॅजिओ आणि अर्जेंटिनाचे लेखक बिओय कासारेस दोघेही ८ मार्चचे. तिथे आडनावाच्या अकारविल्हेने लाव, प्रसिद्धीने नको. या क्रमाने कुसुमाग्रज तिसऱ्या ओळीत डावीकडे पहिले येतात. शीटची वरची कड जमिनीपासून सहा फुटांवर ठेवलीस तर ते कार्ड साडेचार फुटांवर, शाळकरी मुलांच्या नजरेला येतं. त्यांना वर हलवायची गरज नाही.

डिंक किंवा पातळ केलेला फेविकॉल सबंध कार्डाला फासू नकोस. कागद ओला होऊन फुगतो, आणि मार्चच्या आपल्या उन्हात वाळला की कडा वर वळतात. वरचे दोन कोपरे चिकटव, खालचे मोकळे सोड. एखादी चूक सापडली तर तेवढंच कार्ड काढता येतं. आणि चूक सापडेलच. म्हणून खाली उरलेल्या दोन इंचांत लिही : 'दुरुस्ती सुचवायची असल्यास ग्रंथपालांना सांगावी.'

शनिवारी इकडे येशील तेव्हा हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या फायलींची आधी फोनवर चौकशी करून ये. फाइल मिळाली तर शाईचं पेन पिशवीतच ठेव, पेन्सिल वापर. बांधीव फाइलचं पान कोपऱ्याला धरून ओढायचं नाही. वर्तमानपत्राचा कागद पंचवीस वर्षांत पापडासारखा होतो, मोडतो आणि तुकडा हातात येतो. तळहात पानाखाली सरकवून उलट. शिलाईत आत गेलेला मजकूर दिसत नसेल तर फाइल दाबून सपाट करू नकोस, कणा फाटतो. बाजूने बॅटरी धरून वाच. टिपताना तारीख, आवृत्ती, पान, स्तंभ, चारही लिही.

कार्डशीट तिकडून आणू नकोस, एसटीत दुमडते. इथे घेऊन ठेवते. बारा कार्डांचा मजकूर मात्र कोऱ्या कागदावर लिहूनच आण, रात्री दोघी बसून एकदा मोठ्याने वाचू. हर्झबर्ग आणि साबिनेस यांचे उच्चार सगळीकडे एकच राहतील एवढं बघ.

तुझी
आई