जिन्याच्या खिडक्या उघडा आणि निगेटिव्ह रिपोर्टचा हट्ट सोडा - अध्यक्षांना पत्र

मुलुंड (पूर्व), १९ जुलै २०२०

मा. अध्यक्ष साहेब,
स.न.वि.वि.

सोसायटीच्या ग्रुपवर काही लिहिलं की फ्लॅट ३०२ वाले हात जोडलेला इमोजी टाकतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे कागदावर.

आमची सौ. पालिकेच्या सेंटरमधून कोरोनातून बरी होऊन आली, पुढचे सात दिवस वेगळ्या खोलीत राहिली, ते पण संपले. तरी लिफ्टवर कागद आहेच, "५०३ ने निगेटिव्ह रिपोर्ट दिल्याशिवाय लिफ्ट वापरू नये". हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं? लॉकडाऊनमध्ये मीटिंग होत नाही असं तर तुम्हीच मला बाथरूमच्या लिकेजच्या वेळी सांगितलं होतंत. साहेब, ८ मे ला केंद्राने डिस्चार्जचे नियम बदलले. लक्षणं सौम्य असतील तर ती सुरू झाल्यापासून १० दिवस झाले आणि ३ दिवस ताप नसला की घरी सोडतात, परत टेस्ट करतच नाहीत. कारण त्या टेस्टमध्ये मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा सापडतात, बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, पण म्हणून तो दुसऱ्याला आजार देतोय असं होत नाही. मग मी रिपोर्ट आणू कुठून? आई गुडघे धरत पाच मजले उतरते आणि ३०२ वाले मास्क हनुवटीवर ठेवून लिफ्टमधून फोनवर बोलत वर जातात.

आता खिडक्या. जिन्याच्या सगळ्या खिडक्यांना त्यांनी पुठ्ठे आणि प्लास्टिक लावलंय, का तर बाहेरून व्हायरस आत येईल. अहो तो रस्त्यावरून उडत तिसऱ्या मजल्यावर येत नाही, बंद जागेत माणसाच्या श्वासातून पसरतो. याच महिन्यात २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं की घरात, ऑफिसात हवा खेळती ठेवा, बारीक थेंब हवेत तरंगत राहतात. म्हणजे आपण नेमकं उलटं केलंय, जिना म्हणजे झाकण लावलेला कुकर झालाय, आणि दुधवाला, वॉचमन, आई, सगळे त्यातूनच जा-ये करतात.

फवारणीचं तर विचारूच नका. गेटवर कचरेवाल्याच्या अंगावर हायपोक्लोराइटचं जंतुनाशक मारलं, त्याचे डोळे लाल झाले. माणसांवर फवारू नका असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितलंय. पंपाचे पैसे मात्र मेंटेनन्समध्ये "सॅनिटायझेशन" म्हणून लावलेत.

रोग नवीन आहे, सल्ले बदलणार हे मला कळतं. मार्चमध्ये निरोग्यांना मास्क नको म्हणत होते, ८ एप्रिलला पालिकेने तोच सक्तीचा केला, आपण लावला. शिकत शिकतच चाललंय सगळं, डॉक्टरांचं पण. पण ३०२ चं काय, त्यांच्या मते व्हायरस मार्चमध्ये थाळ्यांच्या आवाजाने मरणार होता, एप्रिलमध्ये उन्हाने, आता काढ्याने, आणि या सगळ्यात ५०३ मात्र कायमची पॉझिटिव्ह.

हे आजचं नाही. २०१६ साली माझ्या पार्किंगमध्ये स्कूटर लावण्यापासून सुरुवात आहे, मग गच्चीची चावी, मग कबुतरांना दाणे. तेव्हा मी गप्प बसलो, सौ. च म्हणाली जाऊ दे. उपविधीप्रमाणे सामाईक जागेवर कोणा एकाची मालकी नसते. (आमच्या चपलांच्या स्टँडचा मुद्दा वेगळा आहे, तो इथे आणू नये.) ४०१ च्या वहिनी, दुसऱ्या मजल्यावरचे काका, सगळ्यांचं हेच मत आहे, फक्त ते बोलत नाहीत एवढंच.

तर लिफ्टवरचा कागद उद्या काढा, पुठ्ठे काढून खिडक्या उघडा, पाऊस आत आला तर पुसून घेता येईल. माणसांवरची फवारणी बंद. आणि यापुढे आजाराबद्दलची नोटीस ३०२ च्या फॉरवर्डवरून न लावता वॉर्ड ऑफिसला विचारून लावा. फवारणीचे पैसे वजा करूनच या महिन्याचा चेक जोडलाय, पावती तेवढ्याचीच द्या. उत्तर लेखी हवंय, इमोजी चालणार नाही.

आपला,
फ्लॅट ५०३

प्रत: सेक्रेटरी, आणि ३०२ च्या दाराखालून एक