फी नसलेली शाळा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "फी नाही म्हणतेस, म्हणजे नगरपालिकेचीच ना शाळा?" मी घाईत नुसतं "हो" म्हटलं. तुमच्या आवाजातली काळजी मात्र मनात राहिली, म्हणून आज सविस्तर लिहिते.

हो, शहराचीच शाळा आहे. बोस्टन लॅटिन स्कूल. २३ एप्रिल १६३५ रोजी गावकऱ्यांनी सभेत ठराव करून ती सुरू केली. त्या वर्षी शिवाजीमहाराज पाच वर्षांचे होते, बाबा! हार्वर्डची स्थापना त्यानंतरच्या वर्षीची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी पाच जण इथे शिकले, बेंजामिन फ्रँकलिन त्यांतलेच. ते मात्र फार टिकले नाहीत, शाळा अर्धवटच सोडली.

तुमची नात सातवीत गेली, तरी शाळेत तिला 'सिक्सी' म्हणतात. इथे वर्ग उलटे मोजतात: सातवी म्हणजे सहावा वर्ग आणि बारावी म्हणजे पहिला. आल्या आल्या लॅटिन, त्यातून कुणाची सुटका नाही. संध्याकाळी ती टेबलापाशी रूपं घोकत बसते तेव्हा मला तुम्ही आठवता, 'देवः देवौ देवाः' म्हणून घेणारे. शाळेचं ब्रीद आहे 'सुमुस प्रिमी', आम्ही पहिले. तिला मी सांगितलं, हा 'सुमुस' म्हणजे आजोबांच्या संस्कृतातल्या 'स्मः'चा सख्खा भाऊ. तिनं वहीत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून ठेवलेत.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. १७७५ मध्ये इथले मुख्याध्यापक होते जॉन लोवेल, इंग्रजांच्या राजाशी निष्ठावंत. त्यांचा मुलगा जेम्स त्याच शाळेत शिक्षक, पण बंडखोरांच्या बाजूचा. १९ एप्रिलला लढाई पेटली. तेव्हा लोवेल मुलांना म्हणाले, "देपोनिते लिब्रोस", पुस्तकं खाली ठेवा. शाळा बंद झाली. पुढे इंग्रज बोस्टन सोडून आताच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेले. वडील त्यांच्याबरोबर आपणहून गेले, मुलाला मात्र इंग्रजांनी कैदी म्हणून नेलं. हे वाचलं तेव्हा किती तरी वेळ मला त्या दोघांशिवाय काही सुचत नव्हतं. इतकी वर्षं एका शाळेत शिकवणारे बापलेक, आणि घरी जेवताना काय बोलत असतील?

मुलींना मात्र इथे १९७२ पर्यंत प्रवेश नव्हता. एवढ्या जुन्या शाळेला हे शोभलं नाही, असं मला मनापासून वाटतं. आता तीच शाळा माझ्या मुलीची आहे, याचा आनंदही तितकाच आहे.

'डिक्लमेशन' ही इथली जुनी प्रथा. एखादा उतारा पाठ करायचा आणि वर्गापुढे उभं राहून, हातवाऱ्यांसकट, खणखणीत म्हणायचा. हिची पाळी पुढच्या आठवड्यात आहे. सध्या फ्रिजसमोर सराव चालतो. तिसऱ्या परिच्छेदाशी रोज अडते, डोळे मिटते, पायाचा अंगठा जमिनीवर घासते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. गणेशोत्सवातल्या पाठांतराच्या स्पर्धेआधी मी अगदी अशीच करायचे ना, आई?

बाबा, रविवारी सकाळी तिचं ऐकाल का? इंग्रजी उच्चार सोडून द्या, आवाज तेवढा बघा. आणि अडली तर लगेच पुढचा शब्द सांगू नका, तिचा तिला आठवू द्या.

तुमची,
ताई