नकाशावर वाऱ्याचा बाण कुठे गेला?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांवर यॉट भाड्याने घेऊन फिरण्याबद्दल पानभर लेख आला, तो आमच्या घरात तिघांनी वाचला आणि तिघांनी मलाच व्हॉट्सअॅपवर पाठवला, कारण गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही नेमकं हेच करून आलोय. मी, नवरा, दीर-जाऊ आणि त्यांची दोन कॉलेजातली मुलं. लेख छान लिहिलाय, फोटो तर फारच सुंदर, वाद नाही. पण सोबत जो नकाशा छापलाय, कोसपासून निघून निसिरोस, सिमी, रोड्स आणि परत कोस, निळी ठिपक्यांची गोल रेघ आणि वर ‘सात दिवसांत बेटंच बेटं’, तो बघून माझ्या पोटात परत ढवळायला लागलं. त्या नकाशात बंदरं आहेत, किल्ले आहेत, पोहायच्या जागा आहेत, फक्त वारा नाहीये. आणि तिथे ऑगस्टमध्ये दुसरं काही नसलं तरी वारा असतो.

त्या वाऱ्याला मेल्टेमी म्हणतात. उन्हाळ्यात बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो आणि तापलेल्या तुर्कस्तानवर कमी, त्यामुळे एजियन समुद्रावरून हा वारा उत्तरेकडून खाली वाहत राहतो, आणि आम्ही होतो त्या डोडेकनीज बेटांकडे तो वळून वायव्येकडून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त जोर. गंमत म्हणजे आकाश निळंशार असतं, एक ढग नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं काय मस्त हवा आहे, आणि समुद्र पांढरा झालेला असतो. पाऊस नाही म्हणजे हवा चांगली हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पहिले दोन दिवस आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही की स्किपर, म्हणजे आमची बोट चालवणारा कप्तान, सारखा फोनमध्ये काय बघतोय.

आता कोस ते रोड्स म्हणजे साधारण साठेक सागरी मैल, एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, म्हणजे एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, आणि दिशा आग्नेय. वारा वायव्येचा. म्हणजे जाताना वारा पाठीशी, बोट अशी पळते की वाटतं आपण जन्मतःच खलाशी आहोत. दीर तर दुसऱ्या दिवशी सुकाणूच्या चाकापाशी उभा राहून फोटो काढून ग्रुपवर टाकत होता. पण परत येताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडात सरळ जाऊच शकत नाही, तिला नागमोडी जावं लागतं, त्यात अंतर सहज दीडपट होतं, आणि इंजिन लावलं तरी ताशी चार-पाच मैल आणि प्रत्येक लाटेवर धप्प. ज्याने आम्हाला हा बेत आखून दिला त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, त्याने विचारच केला नसेल, कारण नकाशावर जायची रेघ आणि यायची रेघ सारखीच लांब दिसते.

सिमीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तुमच्या लेखात त्याला दीड ओळ मिळालीये. बंदरात शिरलं की दोन्ही बाजूंना डोंगरावर चढत गेलेली पिवळी, गुलाबी, निळसर घरं, सगळ्यांच्या कपाळावर जुन्या ग्रीक देवळांसारखा तो त्रिकोण. ही श्रीमंती स्पंजची. समुद्राच्या तळातून स्पंज काढून आणणारे पाणबुडे इथले. १९०० साली याच सिमीच्या पाणबुड्यांचं जहाज, कप्तान दिमित्रिओस कोंतोस, वारा निवळायची वाट बघत अँटिकिथेरा नावाच्या बेटापाशी थांबलं, आणि थांबलोच आहोत तर बघू खाली काय मिळतंय म्हणून माणूस उतरला तर तळाशी दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज, पुतळ्यांनी भरलेलं. त्यातूनच ते काशाच्या दातेरी चाकांचं यंत्र मिळालं, सूर्य-चंद्राची गणितं करणारं, जे आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्या कामात एक पाणबुडा मेला आणि दोघं लुळे झाले, हेही सांगायला हवं. तर वाऱ्यामुळे अडकून पडलेला दिवस फुकट गेला असं समजायचं कारण नाही एवढंच मला म्हणायचंय. पण अडकायला दिवस तर शिल्लक पाहिजे ना!

आमच्याकडे नव्हता. आणि सिमीला सकाळी निघताना जे झालं ते तर बघण्यासारखं होतं. तिकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पुढे खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि मग रिव्हर्समध्ये मागे येत बोटीची पाठ धक्क्याला लावायची, शेजारी दोन बोटींमध्ये फेंडर (बोटी आपटू नयेत म्हणून बाजूला टांगलेले फुगे) चेपून. सिमीचं बंदर खोल आणि अरुंद, त्यामुळे समोरासमोरच्या बोटींचे नांगर तळाशी एकमेकांवर पडतात. आम्ही नांगर वर घ्यायला लागलो तर साखळी येता येता अडली, मोटर कण्हायला लागली, आणि वर आलं काय तर आमच्या नांगरात अडकलेली दुसऱ्या कुणाची तरी चिखलाने माखलेली साखळी. स्किपर पुढे पोटावर आडवा झाला, एक दोर त्या परक्या साखळीखालून घेऊन परत वर आणला, बोटीच्या खुंटाला बांधला, मग आमचा नांगर हळूच खाली सोडला, म्हणजे ती साखळी दोरावर लटकली आणि नांगर मोकळा. मग दोराचं एक टोक सोडलं, साखळी धपकन पाण्यात. हे एकदा नाही, दोनदा, कारण खाली अजून एक होती. पलीकडच्या बोटीवरून एक बाई ब्रश करत करत ओरडत होत्या, त्यांना वाटलं आम्ही त्यांचा नांगर पळवतोय. पाऊण तास गेला. लेखात लिहिलंय ‘मनात येईल तेव्हा निघा’.

रोड्सला पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि स्किपरने सांगितलं की उद्या पहाटे चारला निघायचं, पहाटे वारा जरा मऊ असतो. म्हणजे रोड्सला मिळाले चार तास. चार तासांत रोड्सचं जुनं शहर! १३०९ ते १५२२ तिथे नाइट्स हॉस्पिटलर, म्हणजे क्रूसेडच्या काळातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, होते, दोनशे वर्षांवर राज्य केलं, त्यांनी बांधलेली तटबंदी अजून अख्खी उभी आहे, साधारण चार किलोमीटर, आणि तुर्की सुलतान सुलेमानला ती घ्यायला सहा महिने लागले. आम्ही ती चाळीस मिनिटांत ‘केली’. त्यांच्या प्रमुखाचा, ग्रँड मास्टरचा, राजवाडा बाहेरून बघितला. तो तसा १८५६ साली दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला होता आणि आज दिसतो तो इटालियन लोकांनी १९३० च्या दशकात परत बांधलेला आहे, लेखात तो ‘चौदाव्या शतकापासून जसाच्या तसा’ असं छापलंय, ते चुकलंय.

अजून एक चूक, कोसबद्दल. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसने आस्क्लेपिओनमध्ये, म्हणजे तिथल्या आरोग्यदेवतेच्या देवळात, बसून रुग्ण तपासले असं लेखात आहे. आज जे तीन टप्प्यांचे अवशेष दिसतात ते त्याच्या मृत्यूनंतर उभे राहिलेत. आणि त्याचं ते प्रसिद्ध झाड, ज्याखाली तो शिष्यांना शिकवायचा म्हणतात, ते पाचेकशे वर्षांचं असेल नसेल, तो माणूस ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला. मी हे पुस्तकातून सांगतेय कारण आस्क्लेपिओन आम्ही बघितलंच नाही. गावापासून चार किलोमीटरवर आहे. बोटी तिकडे शनिवार ते शनिवार मिळतात पण शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या तळावर परत आणून द्यायची असते, आम्ही ‘शेवटच्या दिवशी कोस निवांत बघू’ म्हणून ठेवलं होतं, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा सिमीला थांबून शुक्रवारी तिथून पहाटे निघालो ते रात्री अंधारात पोचलो, सहा माणसांत चार उलट्या करणारी, जाऊबाई तर केबिनच्या जमिनीवर पाठ टेकून डोळे मिटून पडलेल्या, म्हणाल्या बोट बुडाली तरी मला उठवू नका. शनिवारी सकाळी विमान.

आता माझा मुद्दा. यॉटवर जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट निसिरोसला पहाटे ज्वालामुखीच्या त्या सुमारे तीनशे मीटर रुंद विवरात आम्ही सहाच जण उभे होतो, पायाखाली जमीन गरम, गंधकाचा वास, बाकी चिटपाखरू नाही, दिवसाच्या फेरीबोटी यायच्या होत्या. हे यॉटमुळेच झालं. पण बेत आखताना आधी वारा बघायचा, मग बेटं. कोसहून निघायचं असेल आणि रोड्स बघायचंच असेल तर बोट रोड्सलाच सोडायची, एकमार्गी भाड्याला वर पैसे लागतात पण ते द्यावेत. नाहीतर सुरुवातीलाच वाऱ्याविरुद्ध वर जायचं, अंगात जोर असतो तेव्हा, आणि शेवटी वारा पाठीशी घेऊन घरी यायचं. सात दिवसांत तीन बेटं, फार तर चार, आणि एक दिवस कुठल्याच बेटाच्या नावावर लिहायचा नाही. ऑगस्ट टाळता आला तर उत्तमच, जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतर जावं, सप्टेंबरात पाणीही छान कोमट असतं.

आणि पहिल्यांदाच जात असाल तर डोडेकनीज किंवा सायक्लेड्स (एजियनमधलाच दुसरा बेटसमूह) हवेतच कशाला? अथेन्सजवळचं सरॉनिक आखात बरंच आडोशाला आहे, एका बेटावरून दुसरं दिसतं. एजिनाला अफाया देवीचं देऊळ आहे, अडीच हजार वर्षांचं, खांब उभे. पोरोसला समुद्रदेव पोसायडनच्या देवळाची जागा, जिथे अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिसने ख्रिस्तपूर्व ३२२ मध्ये विष घेतलं. हायड्रावर मोटारगाड्यांना बंदी, सामान खेचरांवर. (हायड्राच्या बंदरातही नांगरांचा तोच गोंधळ असतो म्हणतात, स्किपरनेच सांगितलं, हसत हसत.)

पैशांचा हिशेबही लेखात अर्धाच आहे. ‘आठवड्याचं भाडं भागिले आठ माणसं’ हे गणित मांडून हॉटेलपेक्षा स्वस्त असं म्हटलंय. ते भाडं नुसत्या बोटीचं हो. डिझेल वेगळं, शेवटची साफसफाई वेगळी, बंदराचे पैसे वेगळे, आणि कार्डावर काही हजार युरो डिपॉझिट अडकून राहतं. स्वतः चालवायची तर स्किपरकडे मान्य होणारं लायसन्स लागतं आणि बोटीवर अजून एक अनुभवी माणूस लागतो, आमच्याकडे दोन्ही नव्हतं म्हणून स्किपर घेतला, त्याची रोजची फी वेगळी, त्याचं जेवण आपल्याकडे, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, त्याला झोपायला जागा लागते! तीन केबिन, सहा माणसं, सगळं बरोब्बर बसवलेलं, आणि सातवा माणूस दारात बॅग घेऊन उभा. बिचारा आठवडाभर मधल्या सोफ्यावर झोपला. स्वयंपाकी, खलाशी असलेली मोठी बोट घेतली तर भाड्याच्या वर तीसेक टक्के रक्कम खर्चासाठी आधीच भरायची पद्धत आहे, तिचा हिशेब शेवटी होतो. आणि वारा जास्त आहे म्हणून बंदरातून निघायचं नाही असं कंपनीने किंवा स्किपरने ठरवलं तर त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत. ही अट आमच्या करारात होती, आम्ही ती बंदरात बसून वाचली.

व्हिसाबद्दलही दोन ओळी हव्या होत्या. कोसवरून तुर्कस्तान एवढं जवळ दिसतं की मुलं म्हणाली चला दुपारी जाऊन येऊ. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर ग्रीसमधून बाहेर पडलं की तो संपला, मग परत कसे येणार? शिवाय ग्रीक बोट तिकडे न्यायला कंपनीची परवानगी लागते.

तर संपादक महोदय, दोन चुकांची दुरुस्ती जमली तर छापा, आणि पुढच्या वेळी असा नकाशा छापाल तेव्हा कोपऱ्यात एक छोटा बाण काढा, वारा कुठून कुठे, एवढंच. दीर यंदा परत जाऊ म्हणतोय, सप्टेंबरच्या शेवटी, रोड्सला तीन रात्री हॉटेलात आणि मग बोट. जाऊबाईंनी अजून होकार दिलेला नाही.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. - चाकांच्या कडक सुटकेसा नेऊ नका. बोटीवर त्या ठेवायला जागाच नसते, आमच्या दोन आठवडाभर बाथरूममध्ये उभ्या होत्या आणि अंघोळीच्या आधी रोज बाहेर काढाव्या लागायच्या.