पानाची पाठही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ओलसर बागेतल्या प्रचंड पानांच्या झाडांवर लेख आला होता. फोटो सुरेख होते, पण अलोकेशिया, कोलोकेशिया आणि गनेरा या तिघांनाही ‘पाणी साचतं तिथे लावा’ हा एकच सल्ला दिला आहे. याच समजुतीपायी माझे तीन अलोकेशिया गेले.

आमच्या परसात उतार संपतो तिथे पाणी थांबतं. ‘एलिफंट इअर’ म्हणून आणलेली अलोकेशियाची रोपं मी तिथेच लावली. महिनाभर डौलात होती. मग खालची पानं पिवळी पडू लागली. एक खोड धरून हलवलं, तर ते अलगद हातात आलं. बुंधा इतका मऊ की बोट आत जावं, आणि कुजका वास. फार वाईट वाटलं. शेजारचा कोलोकेशिया, म्हणजे आपल्या अळवाचाच भाऊ, त्याच पाण्यात फुटवे काढत होता. त्याला मुळाशी पाणी चालतं; अलोकेशियाला ओल हवी, पण पाण्याचा निचराही हवाच.

दोन्ही ओळखणं अवघड नाही. पूर्ण वाढलेलं पान उलटून पाहावं. कोलोकेशियाचा देठ कडेला नव्हे, पानाच्या बुडाशी असलेल्या खाचेच्या थोडा आत, पानाच्या पाठीला चिकटलेला असतो आणि पानाचं टोक जमिनीकडे झुकतं. मोठ्या अलोकेशियाचा देठ थेट खाचेत मिळतो, पान आभाळाकडे टोक करून उभं राहतं. (दोघांच्याही चिकाने खाज सुटते, हातमोजे घालावेत.)

गनेराचं प्रकरण तर आणखी नाजूक. त्याचं पान दोन मीटरपर्यंत रुंद होतं, पण हे थंड, दमट हवेचं झाड, उकाड्यात टिकत नाही. शिवाय चिलीतली गनेरा टिंक्टोरिया ही जात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बागांबाहेर पसरली, आणि २०१७ साली युरोपीय संघाने तिला घातक परक्या वनस्पतींच्या यादीत घातलं. ब्राझीलची गनेरा मॅनिकाटा ही दुसरी जात निर्धोक म्हणून लोक ती लावत राहिले. २०२३ मध्ये कळलं, की ब्रिटनच्या बागांत त्या नावाने वाढणारी बहुतेक झाडं या दोघींचा संकर आहेत. जाणकारांचीही नावात अशी गफलत होते, तिथे नवख्याने नुसत्या फोटोवरून काय ओळखायचं?

म्हणून विनंती, की असा लेख पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव द्यावं, आणि समोरून काढलेल्या फोटोशेजारी पानाच्या पाठीचा, देठ दिसेल असा एक फोटोही असू द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक